मिठाचं पाणी

समुद्र इथून चारशे किलोमीटर.
म्हणून चिलवेरी मॅडमनी टाकीत मीठ ढवळून
तो कॉलेजातच केला.

रातराणीनं रत्नागिरीहून अकरा खेकडे आले.
पाठींची रुंदी मी व्हर्नियरनं मोजली.
काचेच्या उघड्या तळावर
शिंपलं नांगीतून निसटत राहिलं;
हिपरग्याच्या तलावाकाठचे दगड आणून रचले,
तेव्हा कपारीत टेकवून फोडू लागले.

धाकट्यानं नखाएवढ्यावरच भागवलं.
थोरला मोठं फोडणार, अशी माझी पैज.
त्यानं ते उलटसुलट केलं,
ठेवून दिलं,
मधलं घेतलं.
"नांगी मोडली तर पुढची कात टाकेपर्यंत काय खाईल?"
मॅडम वर न बघता म्हणाल्या.

रात्री पूर्व भागात, घरी,
आईनं सूप बाजूला सारलं.
पानं उरली होती, तंबाखूही.
"अजून दोनशे वळता येतील की.
पण उद्यापण बोटं लागत्यात."
अंगठ्याची घासलेली कड तिनं तेलात बुडवली.

एप्रिल लागला.
पंखा बंद, टाकीचं पाणी चार बोटं उतरलं,
मीठ तेवढंच.
सात नंबरच्या खेकड्यापुढं
त्याच्या मापाचं शिंपलं तसंच पडून.
वहीत मी शून्य लिहिलं,
आणि साधं पाणी आणायला
बादली घेऊन खाली गेले.
नळ सुटायचा होता.