नोंदवही

सकाळी सात ते दुपारी तीन, एप्रिल ते ऑक्टोबर,
मी पूल उचलते.
फ्रीसलांतमधला एक कालवा, ज्याचं नाव
काठावरच्या चार गावांपलीकडे
कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.
शीड दिसलं की घंटा, घंटेमागून फाटक,
फाटकाशी सायकलवाल्यांची चडफड,
मग रस्ता उठून उभा राहतो
आणि त्याच्या खाचांतली वाळू घरंगळत येते.
होडी खालून जाताना
गळाच्या काठीला टांगलेला लाकडी जोडा मी खाली सोडते.
त्यात दोन युरो पडतात, कधी बटण,
एकदा उकडलेलं अंडं, अजून कोमट.

दोन होड्यांच्या मध्ये मी लिहिते.
नऊ मिनिटं. चार मिनिटं.
पाऊस असला तर सलग चाळीस.
होड्यांची नोंदवही पुढून भरते, कादंबरी मागून,
आणि दोघी कुठेतरी मध्ये एकमेकींना भेटणार
हे मला आधी सुचलं नव्हतं.

माझ्या ग्रहावर समुद्र मागे हटलाय.
जहाजं तरीही येतात, कोरड्या तळावरून,
आपापलं पाणी पोटाशी धरून,
आणि पुलावरची बाई जकात मागते:
एक आठवण, जी तुम्हाला पुन्हा लागणार नाही.

वीब्रेन दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो,
हातांना स्टीलचा वास घेऊन घरी येतो.
म्हणतो, बटाटे कुठल्या ग्रहावर सोलायचे ते सांग,
मी तिथे येतो.
चिडत नाही तो. चिडला असता तर
मला उत्तर सापडलं असतं.

सहा वर्षांचं हे भिजत घोंगडं.
चार संपादकांनी नाही म्हटलं,
पाचव्याने काहीच म्हटलं नाही.
शेवटी त्यातलाच एक तुकडा
ग्रोनिंगनच्या एका पातळ त्रैमासिकाने छापला.
पंचेचाळीस युरो आले.
पुलावरच्या खुर्चीला उशी घेतली.

मग मे महिन्यात, वाळूची बार्ज नेणारा डौवे
जोड्यात नाणं टाकून गेला, आणि नाण्याखाली चिठ्ठी:
«गोष्ट वाचली. जहाज एकशे दहा मीटर,
कालवा साठ मीटर रुंद. वळणार कसं?
बाकी ठीक. रात्री झोप लागली नाही.»

मी पूल खाली घ्यायची विसरले.
फाटकाशी सतरा सायकली, पोस्टाची गाडी,
एक बाई ओरडत होती की तिचं आइस्क्रीम वितळतंय,
आणि मी आभाळात उभ्या रस्त्याखाली
ती चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचत होते.
मी केलेल्या थापेची
कुणीतरी रुंदी मोजली होती.

त्या रात्री बसून कालवा रुंद केला.
दोन गावं उठवावी लागली.
एका म्हाताऱ्याने हलायला नकार दिला,
त्याच्यावरच पुढचं प्रकरण उभं राहिलं.

आता पुढच्या हंगामापासून
हा पूल लेवार्डनहून उघडेल, पडद्यावर बघून.
एक माणूस, बारा पूल.
मलाही तिथे खुर्ची आहे म्हणतात, चांगली, चाकांची,
पण तिथे दोन होड्यांच्या मध्ये
दुसऱ्या अकरा पुलांवरच्या होड्या असतील.
जोडा संग्रहालयाला हवाय.
मी अजून दिलेला नाही.

काल सीट्स्केचा फोन आला. जुन्या वह्या
संगणकावर चढवतेय बिचारी, ओळ न् ओळ.
म्हणाली, बारा ऑगस्ट, दुपारी एक चाळीस,
हे जहाज आमच्या यादीत कुठेच नाही.
नाव आहे, उंची नाही,
आणि जकातीच्या रकान्यात तुझ्याच अक्षरात लिहिलंय:
तिसरीच्या वर्गातला ओल्या कोटांचा वास.
खोडू का?

मी आठवायचा प्रयत्न केला.
कोट आठवले, खुंट्या आठवल्या,
खिडकीखालचा गरम पाण्याचा पाइपही.
वास येईना.

राहू दे, म्हटलं.
पूल उघडला होता.