मोजायचं नाही

आमच्यात माणसं मोजत नाहीत.
नजर लागते, आई म्हणायची.
पाहुणे आले की उंबऱ्यात उभी राहून पुटपुटे,
एक नाही, दोन नाही, तीन नाही,
आणि भाकऱ्या बरोब्बर तेवढ्याच निघत.

काल रहमीमकाकांना नेलं.
मुरूडला, सुरूच्या पलीकडे आमचं कबरस्तान,
जिथे वाळू आणि माती
हद्दीवरून अजून भांडतायत.
अलिबागहून टेम्पो आला, रेवदंड्याहून दोघे,
हजान वडखळच्या नाक्यावर अडकलेला.
मी मनातल्या मनात सुरू केलं:
एक नाही, दोन नाही...
सात नाही.
पुढे कुणी नव्हतंच.

कद्दीशला दहा लागतात. दहा पुरुष.
मी त्यात धरलेली नाही,
बोटं मात्र माझीच दुमडत होती.

खड्डा मरजानभाईने खणला, पहाटेपासून,
बरोबर भाचे, सुरूर आणि याकूत.
खाली काळा कातळ लागला तेव्हा
राजपुरीहून पहार मागवली.
फावडं टेकवून त्याने विचारलं, "किती कमी?"
म्हटलं, "आम्ही मोजत नाही, भाई."
"आम्हाला मोजूनच आणलं," तो म्हणाला.
"नगाला इतके. बंदरात उतरताना पुन्हा मोजणी,
वाटेत समुद्रात टाकले ते वजा."
आणि तांब्या वर धरून पाणी प्यायला,
जणू आजच्या लिलावात
बांगड्याला काय भाव फुटला ते सांगत होता.

आमचंही गलबत फुटलं, नवगावला, ते मला पाठ आहे.
सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या.
एवढे एकच आम्ही मोजून सांगतो.
त्यात बायका धरलेल्या आहेत.

गाव त्यांना हबशी म्हणायचं, आम्हाला शनवार तेली.
काकांच्या बापाचा घाणा शनिवारी गप्प,
बैल चिंचेखाली, चूल थंड.
मग मरजानची आजी झुलेखा यायची,
काड्यांची पेटी स्वतःची आणायची,
चूल पेटवून, चहा टाकून, न बोलता जायची.
शब्बाथला पैसे द्यायचे नाहीत, तिने मागितलेही नाहीत.
रविवारी तिच्या ओट्यावर कुणीतरी
खोबरेलाची बाटली विसरून जाई.
चाळीस वर्षं विसरत होतं कुणीतरी.
त्यातलं निम्मं तेल पीराच्या दिव्यात जळलं
आणि निम्मं तिच्या नातींच्या कुरळ्या केसांत,
ज्यांत आमच्या घरातला कंगवा मोडला होता एकदा.

काका तोरा वाचायचे, धक्क्यावर, मोठ्याने.
"मोशेची बायको कुशी होती, मरजान. तुमच्याकडची.
बहिणीने नाक मुरडलं,
तर देवाने बहिणीलाच कोड दिलं."
"म्हणजे मुसा आमचा जावई!"
असं म्हणून मरजान टोपलीतली कोलंबी बाजूला सारायचा,
खवल्यांचं पापलेट शोधून द्यायचा:
"जावयाच्या माणसांना चालेल तेच."
पैसे मात्र पूर्ण घ्यायचा.

माती लोटताना सातांनी तेहिलीम म्हटलं,
कद्दीश नाही, ते ठेवलं हजानसाठी.
ते तिघे कडेला, चपला काढून, हात पुढे धरून.
ओठ हलत होते, काय म्हणत होते ऐकू आलं नाही,
भरतीचं पाणी वाजत होतं.
शेवटी एकदा सगळ्यांचं आमेन पडलं,
कुठलं कुणाचं ते वाऱ्याने
निवडायला दिलं नाही.

फोन वाजला. हजान, वडखळहून:
"किती जण आहात?"
मी बघितलं.
सुरूरचं कोपर खरचटलेलं,
याकूत कबरीवर पाणी शिंपडत होता,
अलिबागचा म्हातारा मरजानच्या खांद्याला धरून उभा.
"आहोत," म्हटलं. "तुम्ही या."

फाटकाशी मी बादली धरली.
बाहेर पडताना आमच्यात हात धुतात, तीनदा.
मरजानही वाकला, हात पुढे केले.
त्यांच्यात असं असतं का, मी विचारलं नाही.
नखांतली माती निघेना,
म्हणून ओतत राहिले, चौथ्यांदा,
पाचव्यांदा,
मग मोजलं नाही.