ब्लेमिश

वाळपईच्या कारखान्यात, आईच्या टेबलासमोर
पत्र्याची पाटी: होल, स्प्लिट, बट, ब्लेमिश.
पहिले तीन शब्द तिच्या बोटांना आपोआप कळले.
चौथा तिनं घरी आणला, पदराच्या गाठीत बांधून आणावा तसा,
आणि भाकरी थापताना मला विचारला.

दोष, मी म्हटलं.
'कुणाचा?'
मग खोट.
'खोट मनात असते गो, काजूत कशी असेल?'
कलंक म्हणायला गेले, तर तिनं नुसतं बघितलं.
शेवटी, डाग. गर अख्खा, चव तीच,
फक्त अंगावर डाग.
'लग्नात मला चार डाग घातलेले,' ती म्हणाली,
'तीन सोसायटीत गहाण आहेत.'

मग तो शब्द घरातच राहिला.
तव्याला चिकटलेला बांगडा ब्लेमिश,
बाबांची थरथरती सही ब्लेमिश,
पंचायतीनं परवाच केलेला रस्ता,
तो मात्र सरळ रिजेक्ट.

पेडण्याचे पाहुणे मला बघायला आले.
त्यांच्या मावशीनं माझ्या गालावरच्या लाशाकडे
बोट न दाखवता बोट दाखवलं:
'हे जन्मापासूनच?'
आई निवडणीच्या आवाजात म्हणाली,
'ब्लेमिश. म्हणजे अख्खी.
तुकडा झालेल्याला तो शब्द लावीत नाहीत.'

चहा अर्धा टाकून ते उठले.
बशीतले काजू आईनं परत डब्यात ओतले,
पांढरेशुभ्र, एकसारखे,
तेवीस वर्षांत पहिल्यांदाच
तिनं विकत आणलेले.