सहा बाय तीन

पासावर छापलं होतं : लाभार्थी, सोबत एक.
सोबत एक म्हणजे मी,
मालन आवटीच्या शेजारची पिको-फॉलवाली.
माझ्या घरात पाणी कमरेपर्यंतच आलेलं,
म्हणून माझं नाव यादीच्या शेवटच्या पानावर.

सांगलीत आम्ही नदी फुटांत सांगतो.
चाळीस म्हटलं की भांडी माळ्यावर,
पंचेचाळीस म्हटलं की म्हशींची दावी सोडायची,
पुढचा आकडा कुणी मोठ्यानं बोलत नाही.
त्या रात्री निवेदक तोच आकडा
माईकवरून ओरडला
आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मीही. हात आपोआप गेले.

मैदानावर ताजा मुरूम. पुढे सोफे, त्यांवर पांढरे टॉवेल,
मग लाल खुर्च्या, मग निळ्या, मग बांबू,
आणि बांबूपलीकडे उभी अख्खी सांगली.
पडद्यावर साहेबांचा चेहरा बारा फूट.
आमच्या गल्लीत तो
मिशीपर्यंत बुडाला असता.

सिनेमातला पोलीस आला, त्यानं दंड थोपटले,
“कशी आहे माझी सांगली?”
काल कोल्हापूरही त्याचंच असणार.
पण खोटं कशाला बोलू, मी शिट्टी मारली,
दोन बोटं तोंडात घालून, बावीस वर्षांनी.
गायकाचे ओठ हलायच्या आधीच गाणं सुरू झालं,
तरी अंगावर काटा आला.
काटा कुठं चौकशी करत बसतो.

मग नावं.
“श्रीमती मालती अवताडे!”
कुणीच उठेना.
“अगं तूच ती,” मी ढोसलं.
गालिचा बघून तिनं चपला हातात घेतल्या
आणि तशीच वर गेली.

वर ती उभी होती, साडेआठची सून.
पुरात, निवाऱ्याच्या शाळेत,
एका मोबाईलवर तेरा बायका वाकून
आम्ही हिचं बाळंतपण बघितलं होतं.
मालननं तर नवसही बोललेला.
जवळून बघितलं तर मनगटं काडीसारखी,
मेकअपखाली डोळे जागरणाचे.
“काकू, हसा ना, कॅमेरा तिकडे,” ती म्हणाली.
मालन कॅमेऱ्याकडे बघेचना.
“जेवलीस का?” तिनं विचारलं.

माईक चालू होता.
सोफ्यांपासून बांबूपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.
सून गप्प. मग लहान पोरीसारखी
मान हलवली तिनं : नाही.
तेवढ्यात चमचमते कागद उडाले,
साहेब मधे आले,
आणि फोटो निघाला.

चेक थर्माकोलचा, सहा फूट बाय तीन.
वडापवाला म्हणाला, “ह्याचं सीट वेगळं पडंल.”
म्हणून चालत निघालो, दोघींनी दोन टोकं धरून.
पुलाकडून वारा सुटला की तो शिडासारखा फुगायचा,
आम्हाला ओढत न्यायचा, भलत्याच दिशेला.
हरभट रोडवर पानाच्या टपरीवरून एकजण ओरडला,
“मावशी, ह्याचे सुट्टे मिळतील का?”
आणि मालन हसली.
रस्त्यात बसून, चेकला टेकून,
पोट धरधरून हसली.
पाणी उतरल्यापासून मी तिला
एवढी बसलेली बघितली नव्हती.

खरा चेक आठवड्यात येणार होता.
पासबुक दोनदा भरायला नेलं.
मशीन करकरतं, कागद तसाच बाहेर येतो,
एक ओळसुद्धा नवी नसते त्यावर.
थर्माकोलचा मात्र खाटेमागे उभा केलाय, भिंतीला.
तीन फूट ओल झाकली जाते.
त्यावर अजून अडीच उरते.

साडेआठला मी पिकोचं मशीन बंद करून तिच्याकडे जाते.
मालिकेत सून सगळ्यांना वाढत असते,
सासऱ्याला, दिराला, त्या नतद्रष्ट नणंदेला.
मालन भाकरीचा तुकडा हातात धरून
टीव्हीला दटावते,
“आता बस की गं तू.”