आम्ही की आपण

'वी हॅव टु चेंज,' ब्लँचर्डसाहेब म्हणाले
आणि मी वहीत उतरवता उतरवता अडले.
इंग्रजीत एकच 'वी'.
त्यात आम्ही मावतो, आपणही मावतो,
आणि साहेब बोलले तेव्हा तर चक्क
'ते' बसले होते त्यात, अंग चोरून:
खाली, उणे बावीस अंशांत
मासळीची खोकी रचणारे.

ग्रिम्सबीत गोदीवरून वारा असा येतो
की कागद धरायला दोन हात पुरत नाहीत.
माझ्याकडे अठ्ठेचाळीस स्लाइड्स,
बाण, चौकोन,
आणि एक शिडी. वरच्या पायरीवर हसरा माणूस.
लीड्समध्ये ती शिडी चालली होती. डर्बीतही.
चालली म्हणजे पैसे मिळाले.
पुढचं मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात नवी यंत्रणा सुरू,
सगळे आकडे हिरवेगार,
आणि दोन ट्रक हॅडक भलत्याच गावाला.

'रात्री या,' बेव्हर्ली म्हणाली, रात्रपाळीची मुकादम.
'दिवसा सगळे तुमच्याशी बोलतात.
रात्री काम करतात.'

गेले. दोन स्वेटर, कुणाचे तरी उसने बूट.
स्लाइड दाखवायला भिंत नाही,
पेन चालेना,
मग नाइलाजाने ऐकत राहिले.

दाराशी खिळ्याला वही टांगलेली, सुतळीला पेन्सिल.
'शाई गोठते,' रासा म्हणाली,
विल्नियसहून आलेली, मोजकं बोलणारी.
वहीत अकरा वर्षं:
कुठला ट्रक कुठे,
कुठल्या ड्रायव्हरला डाव्या कानाने ऐकू येत नाही,
कुठलं दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही.

'हे कुणी विचारलं नाही तुम्हांला?'
बेव्हर्ली हसली.
'तुमच्याआधी तिघे आले. तिघांनीही विचारलं.
उत्तर येईस्तोवर स्लाइड बदललेली.'

अहवाल पुन्हा लिहिला. चार पानं.
शिडी काढली, हसऱ्या माणसालाही
खाली उतरवून घरी पाठवलं.

'एवढ्या पैशांत चारच?' ब्लँचर्ड.
'पाचवं तुमचं. खाली जाऊन लिहायचं. पेन्सिलीने.'

ते खिडकीबाहेर सीगल बघत बसले.
माझ्या जिभेवर तीन मुद्दे तयार,
प्रत्येकाला उपमुद्दे.
गिळले. एवढं कष्टाचं काम
मी त्या वर्षात दुसरं केलं नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
'बूट कुठल्या मापाचे मिळतात तिथे?'

एप्रिलमध्ये बेव्हर्लीची दोन ओळींची मेल:
'वी'नी दुसरी वही लावलीय, दिवसपाळीला.
साहेबांचं अक्षर वाचवत नाही.

त्या 'वी'कडे बघत राहिले.
आम्ही? आपण?
दोनदा तपासलं. मी नव्हते त्यात.
मला सांगताना आम्ही,
त्यांच्या त्यांच्यात आपण.

शेवटचं बिल त्याच दुपारी पाठवलं.