टाळूवरचं लोणी

सोमवारी मी लोणी विकते,
हाइकच्या बाजारात, तळ्याकडच्या कोपऱ्यात,
कोबाच्या पानात गुंडाळून.
खायचं वेगळं, केसांचं वेगळं.
खायचं थोडं उतरलं तरी मसाल्यात खपतं.
केसांचं ताजंच लागतं, बिनमिठाचं,
वैराच्या धुरानं धुपवलेल्या भोपळ्यात घुसळलेलं.
बोटावर घेतलं की बोटालाच कळतं.

लुबाबा आली त्या दिवशी पाच गोळे उरले होते.
बजाजमधून उतरली, एक बॅग, घट्ट रुमाल,
सहा वर्षांनी.
म्हटलं, रुमाल सोड.
म्हणाली, आधी कॉफी.
पहिला पेला झाला, दुसरा झाला,
तिसरा, बरकतीचा, तोही गार झाला.
मग सोडला.

चूल झाडायच्या केरसुणीचं टोक असतं ना,
तसं काहीतरी.
कानाजवळ तांबूस, मागे खुरटं,
कंगवा फिरवला की कंगव्यातच राहणारं.

जेद्दाच्या त्या घरातल्या मुली केस सरळ करायच्या.
डब्याच्या तळाशी उरलेलं औषध
टाकून द्यायच्या ऐवजी हिला द्यायच्या.
ही न्हाणीघरात दार लावून लावायची,
डोकं पेटलं की नळाखाली धरायची.
"सरळ असले की मॅडम नावानं हाक मारायची,"
एवढंच म्हणाली.

मी तिला दोन गुडघ्यांत बसवलं,
लहानपणी ती मला बसवायची तशी.
आधी पाणी. कोमट, ओंजळीनं, मुळापर्यंत.
कोरड्या केसाला लोणी म्हणजे
बंद दाराला तोरण.
मग रात्रभर भिजलेल्या मेथीचा बुळबुळीत लगदा,
तो धुऊन, पुन्हा ओल असतानाच लोणी.
वितळवायचं नाही. चुलीपाशी न्यायचंसुद्धा नाही.
टाळूवर गोळा ठेवायचा
आणि माणसाला उन्हात बसू द्यायचं,
त्याचं त्याला वितळू द्यायचं.

निलगिरीखाली बसलो.
लोणी कपाळावरून भुवईत, भुवईतून मानेवर,
माशा आल्या, कोंबडी येऊन बघून गेली.
तिची पाठ माझ्याकडे होती.
पाठमोरी बाई बोलते.
दलालाचं बोलली:
पहिल्या तीन महिन्यांचा पगार त्याचा, हे ठरलेलंच.
पण हिच्याआधी त्याच घरात होती ती नूरिया,
गच्चीवरून पडली म्हणतात,
तिचा थकलेला पगारही यानंच उचलला,
तिच्या आईला खजुराचा एक डबा पाठवला.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात
हे मी ऐकून होते.
माझे हात तेवढ्यापुरते थांबले.
मग लावत राहिले, जिवंत टाळूवर,
कानामागे, मानेच्या खळीत,
जिथं केस नव्हते तिथंही.

महिनाभर हेच. जुम्म्याला धुणं, शनिवारी लोणी.
उशी आंबली. अभ्रा दोनदा उकळला, वास गेला नाही.
मी तिच्याच शेजारी झोपते, मला विचारा.
तुटणं थांबलं, खाज थांबली,
पण टोकं तशीच, फुटकी, दोरीच्या धाग्यांसारखी.
जळलेलं सांधत नाही.
हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं,
सांगायला महिना लागला.

कात्री तिनं स्वतःच आणली, शेजारच्या शिंप्याकडून.
"तू काप. मी बघणार नाही."
कापले. खाली पडले ते हलकेच होते,
वाऱ्यानं कुंपणापर्यंत नेले.
उरलं ते नखाएवढं,
काळं, कुरळं, आमच्या घरचं.

आता सोमवारी ती माझ्याशेजारी बसते,
रुमाल खांद्यावर.
काल परवाचं सांगत नाही, भाव मात्र करते.
एका बाईनं मुलीला पुढे केलं:
हे लावून हिचे केस परत येतील का?
लुबाबानं मुलीच्या केसांची बट बोटांत धरून पाहिली.
"हे नाही. पुढचे येतील. पाणी आधी."
बाईला ते पटलं नाही, ती तेलवाल्याकडे गेली.
गोळा उरला.
संध्याकाळी आम्ही तो घरी नेला.