आधी पावती

कपिलेश्वरच्या पुलावरून सायकल सोडली
की शहापूर, मग वडगाव.
एकोणीस वर्षं हीच वाट, पिग्मीची हीच पिशवी,
कुणाचे वीस, कुणाचे पन्नास.
कुंद्याच्या दुकानातल्या नोटेला तुपाचा वास,
मागांच्या गल्लीतल्या नोटेला खळीचा.
डोळे मिटून सांगेन कुठली कुणाची.

यल्लूबाई अष्टेकरांची नोट चौपदरी,
कांड्यांच्या डब्याखाली.
मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही,
हनुवटीनंच दाखवते: तिथंच हाय, घे.
पावती कधी मागितली नाही.
“तुझं तोंड बघितलं की झालं.”

मोठ्या बँकेतलं खातं मीच काढून दिलं तिला.
अर्ज कन्नडमध्ये, पाठीमागं इंग्रजी,
काउंटरवरची पोरगी कुठल्या मुलखातली कोण जाणे.
यल्लूबाई म्हणाली, “एकोणपन्नास.”
पोरगी म्हणाली, “क्या?”
“एकोणपन्नास गं. पन्नासाला एक कमी.”
रांगेत कुणीतरी हसलं.
बाहेर आल्यावर मी पुढारी झालो:
भ्यायचं नाही, मराठीत बोला म्हणायचं,
पैसा आपला, भाषा आपली.
तिनं मान डोलावली.
ऐकलं तिनं माझं. तेच तर झालं.

मंगळवारी दुपारी लाईट गेली,
माग गप्प, म्हणून फोन ऐकू आला.
“नमस्कार मावशी, हेड ऑफिसातून बोलतोय.
जेवण झालं का?”
“मराठीत बोलूलास की रे!”
“मग! तुमच्यासाठीच ठेवलंय आम्हाला.”
केवायसी संपलीय म्हणाला, रात्री खातं गोठेल.
पण घाई नाही म्हणाला,
आधी चष्मा लावा, सावकाश वाचा.
तिनं वाचलं: बहात्तर,
एकोणपन्नास,
तेरा.
एकोणपन्नासवर तो अडला नाही.
पुन्हा विचारलं नाही, हसला नाही.
कुठल्या गावचा असेल, कुठल्या शाळेच्या फरशीवर बसून
मोठ्यानं उजळणी म्हटली असेल त्यानं.

लाईट आली. माग सुरू झाले.
मेसेजांमागून मेसेज वाजत राहिले डब्याशेजारी,
तिला ऐकू गेले नाहीत.
एक लाख चौऱ्याऐंशी हजार.

सायबर ठाण्यात हवालदार हुक्केरी
कन्नडमध्ये टाइप करत होता, दोन बोटांनी.
त्यालाही एकोणपन्नास कळेना.
मग त्यानं कागद पुढं सरकवला, तिनं आकडा काढला,
“नलवत्तोंबत्तु,” तो स्वतःशीच म्हणाला,
आणि तिच्या चहात साखर आहे का ते बघायला उठला.
अकरा हजार कुठल्याशा खात्यात अडवता आले.
बाकीचे पुढं गेले, आणखी पुढं, म्हणे झारखंड, म्हणे कुठं.
“अज्जी, आवाज कसा होता?”
यल्लूबाई बराच वेळ पंख्याकडं बघत होती.
“गोड,” म्हणाली. “आमच्यातलाच.”
त्या रकान्यात हुक्केरीनं काय टाइप केलं
मला वाचता आलं नाही.

घरी परतताना ती मला काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

आज गेलो.
डब्याखाली नोट नव्हती, तिच्या मुठीत होती.
तिनं माग बंद केला. माझ्यासाठी, पहिल्यांदा.
सगळी खोली एकदम मोठी झाली.
“आधी पावती.”

मी कार्बन घातला. तारीख टाकली.
अक्षरी रुपये पन्नास फक्त.
खाली नेहमीसारखं कोंबडीचं पाऊल काढलं सहीचं.
“हे न्हवं. नाव लिही की. पुरतं.”
लिहिलं: परशराम भरमा कंग्राळकर.
तिनं चष्मा लावला, कागद दाराच्या उजेडाला धरला
आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
माझं नाव मोठ्यानं वाचलं,
एकेक अक्षर सुटं करून,
ओटीपी वाचावा तसं.